कॅक्टस तुमच्या पाण्याने कुजला नाही, कुजलेलाच विकला होता

संभाजीनगर, जालना, लातूर, कुठेही बघा. पावसाळा सरला की हातगाड्यांवर आणि प्रदर्शनांत कॅक्टसच्या छोट्या कुंड्या येतात. दीडशे-दोनशेचं रोप, वर पांढरे खडे, डोक्यावर लालभडक फूल. तीन आठवड्यांत रोप आडवं होतं. परत नेलं की उत्तर ठरलेलं: "ताई, तुम्हीच पाणी जास्त घातलं." घेणारा स्वतःला दोष देतो आणि दुसरं रोप विकत घेतो. खरी फसवणूक इथे होते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

अशी कुंडी उघडली की वरचे खडे सुटे निघत नाहीत, ते गोंदाने जखडलेले असतात. त्यांनी बुंधा झाकला जातो आणि आतली ओल उडत नाही. तो थर सुरीने उचकटा. खाली निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मुठीत दाबलं तर बोटांतून पाणी निथळतं. पांढरी, ताठ मुळं असायला हवीत तिथे तपकिरी दोरे दिसतात. एखादा दोरा चिमटीत धरून ओढला की साल निसटून येते आणि मधला केसासारखा धागा तेवढा उरतो. काही कुंड्यांत तर मुळंच नसतात. मोठ्या झाडाचा शेंडा कापून, जखम सुकू न देता ओल्या कोकोपीटमध्ये खोचलेला असतो. अंगातल्या पाण्यावर तो काही आठवडे हिरवागार दिसतो. विकणाऱ्याला तेवढे दिवस पुरतात.

डोक्यावरचं फूल बहुतेक वेळा वाळवलेलं आणि गरम ग्लूने चिकटवलेलं असतं. कॅक्टसचं खरं फूल सहसा काही दिवसांतच सुकतं, ते दोन महिने टवटवीत राहत नाही. भडक निळा-जांभळा कॅक्टस दिसला तर तो रंग बहुतेक वेळा फवारलेला असतो. लाल-पिवळ्या गोळ्याचा मून कॅक्टस मात्र खरा असतो. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं, तो खालच्या तीनधारी खुंटावर कलम केलेला असतो आणि त्याच्याच जिवावर जगतो. म्हणून तिथे गोळा बघून भुलू नका, खुंट दाबून बघा.

आता कूज कशी ओळखायची. बुंध्याला अंगठा लावा. मऊ, पाणचट, तपकिरी-काळपट लागलं तर कूज आहे. तोच भाग तपकिरी पण लाकडासारखा कडक असेल तर ती वयाने धरलेली साल, तिला हात लावू नका. उन्हाच्या एकाच बाजूला पांढरट, कोरडा डाग असेल तर चटका बसला आहे. सगळ्यात जास्त गफलत सुरकुत्यांत होते. माती कोरडी आणि रोप सुरकुतलेलं असेल तर पाणी द्या. माती ओली असून रोप सुरकुतत असेल तर मुळं गेलेली आहेत. तिथे तांब्याभर पाणी ओतणं म्हणजे उरलंसुरलं रोपही घालवणं.

वाचवायचं तर कापावंच लागतं. ब्लेड स्पिरिटने पुसा आणि बुंध्याकडून वर पातळ चकत्या काढत जा, प्रत्येक कापानंतर ब्लेड पुन्हा पुसा. तुरीचं मर रोग लागलेलं खोड उभं चिरलं की आत तपकिरी-काळी रेघ दिसते, ती इथल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. कॅक्टसमध्येही नेमकं तेच शोधायचं. चकतीच्या मधोमध पाणी वाहणाऱ्या नळ्यांचं एक कडं असतं. त्यात गंजाच्या रंगाचा एक ठिपका जरी राहिला तरी आणखी एक चकती काढा. कडं स्वच्छ लागलं की कापाला गंधकाची पूड लावा आणि तुकडा सावलीत, वारं लागेल असा 10 ते 15 दिवस ठेवा. पावसाळी हवेत तीन आठवडेही लागतात. कापाची खपली खडखडीत झाली की तो कोरड्या जाड वाळूवर नुसता टेकवा. मुळं फुटेपर्यंत पाणी नाही.

"कूज बरी करणारी पावडर" म्हणून पुड्या विकतात, त्यावर पैसे घालू नका. सडलेला गर कुठल्याच औषधाने पुन्हा हिरवा होत नाही. शिवाय बुरशी एक नसते. मोसंबीचा डिंक्या रोग ज्या फायटोफ्थोरा बुरशीमुळे होतो, तिच्यावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चालत नाही, मेटॅलॅक्सिल हे दुसरं लागतं. पुडीत काय आहे हे लिहिलेलंच नसेल तर ती कशावर चालणार?

नवं रोप कितीही देखणं असो, घरी आणल्या दिवशीच कुंडीतून काढा. कोकोपीट पूर्ण सोडवा, मुळांभोवती जाळी असेल तर तीही काढा, मेलेली मुळं छाटा आणि रोप चार-पाच दिवस सावलीत सुकवा. आपली काळी माती कुंडीत अजिबात नको, ती पाणी धरून बसते. तीन भाग विटांचे 3 ते 6 मिमीचे तुकडे, धूळ चाळून टाकलेले. एक भाग जाड वाळू, एक भाग नीट कुजलेलं शेणखत. कुंडी मातीची, रोपापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच रुंद, तळाला भोक हवंच. लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नका. पुढे बांबूची काडी तळापर्यंत खुपसून ती कोरडी निघाली तरच द्या. मे महिन्यात गच्चीवर 42 अंशांत काळी प्लास्टिकची कुंडी आणि ओली माती एकत्र आली की मुळं अक्षरशः शिजतात. परतीचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात अचानक झोडपतो, तेव्हा रोपं छताखाली हवीत.

विकत घेतानाच म्हणा, "दादा, कुंडीतून काढून मुळं दाखवा." टाळाटाळ झाली तर पुढची गाडी बघा. ऑनलाइन मागवलं तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ न थांबवता काढा, त्यात मुळंही दिसू द्या. बिल जपून ठेवा. पैसे परत मिळत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवता येते. त्या वेळी पहिल्या दिवसाचा मुळांचा फोटो हाताशी असला की "पाणी जास्त घातलं" हे उत्तर टिकणं अवघड जातं.