कुवारबाव-नाचण्यात पहिलीचा प्रवेश: जिल्हा परिषदेची शाळा की खासगी इंग्रजी माध्यम?

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या कुवारबाव, नाचणे, मिरजोळे या ग्रामपंचायतींच्या हद्दीत नव्याने राहायला आलेल्या पालकांपुढे बहुधा दोन पर्याय असतात: जिल्हा परिषदेची शाळा, किंवा दारात बस पाठवणारी खासगी इंग्रजी शाळा.

इमारतीपेक्षा आधी पट पाहावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील निकषांनुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात आणि पाचवा शिक्षक मिळण्यासाठी पट १२० च्या वर जावा लागतो. म्हणजे ४० मुलांच्या शाळेत पहिली ते पाचवीच्या पाच इयत्ता दोघांनाच सांभाळाव्या लागतात आणि त्यांपैकी एक जण प्रशिक्षणाला गेला की त्या दिवशी सगळी शाळा एकाच शिक्षकावर येते. खासगी शाळेत सहसा प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक असतो. ही तिची जमेची बाजू मला निर्विवाद वाटते. मात्र घरी मराठी बोलणारे मूल तिथे अक्षरओळखीबरोबर नवी भाषाही शिकत असते, आणि ते ओझे सहा वर्षांच्या मुलासाठी लहान नसते.

विद्यार्थ्यांच्या वैविध्यात मात्र जिल्हा परिषदेची शाळा बरीच पुढे आहे. आंब्याच्या बागांत राखणीला असलेली नेपाळी कुटुंबे, बांधकामावर आलेले कर्नाटकातले मजूर आणि स्थानिक हिंदू-मुस्लिम कुटुंबे यांची मुले तिथे एका पंगतीत जेवतात. अशाच एका पंगतीत कन्नड घरातल्या मुलाने ताटातल्या भाताला ‘अन्न’ म्हटले, तेव्हा शेजारच्या नेपाळी मुलीने आपल्याकडेही ‘भात’च म्हणतात असे मोठ्या अभिमानाने सांगितले; असा भाषेचा तास कोणत्याही वेळापत्रकात बसवता येत नाही. अडचण अशी की बागांतली बरीचशी मुले दिवाळीच्या सुमारास येतात आणि हंगाम संपला की निघून जातात, त्यामुळे शिक्षकांना मागचा अभ्यास पुन्हा घ्यावा लागतो. खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उरलेल्या जागांवर फी परवडणाऱ्या घरांतलीच मुले येतात.

जिल्हा परिषदेच्या शाळेत इयत्तेगणिक शिक्षक असतील, तर माझा कौल निःसंशय तिलाच आहे. दोनच शिक्षक असतील, तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना आधी भेटावे. समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात आणि रिकाम्या पदाचा पाठपुरावा झाला आहे का, हे त्यांच्याकडूनच नेमके कळते.