'ट्रेमर्स' की 'द ब्लॉब': एकच बघायचा असेल तर

छोटं गाव, बाहेर पडायची सोय नाही आणि माणसं खाणारं काहीतरी मोकाट सुटलंय, हा प्रकार आवडत असेल तर फिरून फिरून ही दोन नावं समोर येतातच. १९८८ चा 'द ब्लॉब', म्हणजे १९५८ च्या पिक्चरचा रिमेक, आणि १९९० चा 'ट्रेमर्स'. मी दोन्ही परत परत बघितलेत.

नुसती भीती आणि किळस पाहिजे असेल तर ब्लॉब पुढे आहे, मान्यच. तो गुलाबी लगदा माणसाला जिवंत विरघळवतो, सिंकच्या पाइपमधून येतो, टेलिफोन बूथला चारी बाजूंनी वेढतो, आणि हे सगळं कम्प्युटर ग्राफिक्सच्या आधीचं, खरोखर बनवून कॅमेऱ्यासमोर ठेवलेलं, त्यामुळे आजही अंगावर येतं. कोण वाचणार याचा अंदाज लागत नाही. लहान मुलांनाही सूट नाही, सो घरात बच्चेकंपनी असेल तर विचार करून लावा.

माझं घोडं अडतं ते संरक्षक सूट घातलेले सरकारी लोक येतात तिथे. जुन्यात तो गोळा उल्केतून आला, बस, विषय संपला. रिमेकमध्ये त्यामागे सरकारी जैविक शस्त्राचा प्रयोग निघतो, मग क्वारंटाइन, लपवाछपवी, बंदुका. तोवर गावातली माणसं ओळखीची झालेली असतात, त्यांचं काय होणार याची काळजी लागलेली असते, आणि अचानक राक्षस बाजूला पडून खलनायक भलताच कोणीतरी होतो. काहींना हेच आवडतं, चुकीचं नाही म्हणणार, पण माझी भीती दरवेळी तिथेच ओसरते.

ट्रेमर्समध्ये बाहेरून कोणी येतच नाही. नेवाडाच्या वाळवंटातलं परफेक्शन नावाचं गाव, वस्ती १४, फोन बंद, रस्ता दरडीने अडलेला. जमिनीखालच्या त्या अजस्र अळ्यांना डोळे नाहीत, कंपनांवरून माणूस हुडकतात, आणि हा एवढा एक नियम कळला की साधं चार पावलं चालणंसुद्धा जिवावरचं होऊन बसतं. मग छपरावर चढा, खडकावर अडकून बसा, काठीच्या आधाराने एका खडकावरून दुसऱ्यावर उडी मारा. त्यात त्या अळ्याही शिकत जातात, म्हणजे मघाशी चाललेली युक्ती आता चालेलच असं नाही. भूकंपशास्त्राची विद्यार्थिनी, बंदुका साठवणारं जोडपं, पडेल ते काम करणारे दोघं मित्र, ज्याला जे येतं ते तो कामाला लावतो. आणि बराचसा पिक्चर भर उन्हात घडतो!! अंधाराची मदत न घेता नुसत्या सपाट जमिनीची धास्ती वाटायला लावणं मला फार मोठी गोष्ट वाटते. त्या अळ्या आल्या कुठून? गावातले थोडे तर्क लढवतात आणि सोडून देतात, ते मला जास्त पटतं.

हां, त्यात विनोद भरपूर आहे, झोप उडेल अशी भीती नाही. एकट्याने रात्री बसून दचकायचंच असेल तर ब्लॉब लावा, वाया जाणार नाही. पण चार जण मिळून बघणार असाल तर मी तरी ट्रेमर्सच लावेन, आणि खरं सांगायचं तर एकटा असलो तरी तोच.