‘तो तर इंग्लिश मीडियमचा!’ : शाळेचं ईएसएल घ्यावं की नाकारावं?

पुण्या-ठाण्याहून न्यू जर्सीत आलेल्या घरांत सप्टेंबरच्या अखेरीस शाळेचं एक पत्र येतं. तुमचं मूल इंग्रजी शिकणाऱ्यांत धरलं आहे, त्याला ईएसएलचा (म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवण्याचा) तास सुरू होतोय, नको असेल तर कळवा. शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत हे कळवणं शाळेवर बंधनकारक आहे. पत्र वाचून वडिलांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘अहो, पण तो तर इंग्लिश मीडियमचा!’

मी इथल्या एका प्राथमिक शाळेत वर्गात मदतनीस म्हणून काम करते. हा राग मला कळतो. फी भरभरून शिकवलं आणि इथे येऊन पोराला इंग्रजी येत नाही म्हणतात. पण शाळा असं म्हणत नसते. प्रवेशाच्या फॉर्मवर आपण घरची भाषा मराठी लिहितो, म्हणून पुढे ‘विडा’ची चाचणी होते (पानाचा नव्हे, चाचणीचंच नाव तसं आहे). त्यात ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असं चारही तपासतात आणि १ (अगदी नवखा) ते ६ अशी पातळी देतात. आपली बरीच मुलं वाचनात पुढे आणि बोलण्यात मागे निघतात.

दुसरीतला एक मुलगा होता. धडा असा वाचायचा की बाई थक्क. एकदा तास संपताना बाई म्हणाल्या, ‘ओके, लेट्स रॅप इट अप.’ सगळ्यांनी वह्या मिटल्या. हा कंपासपेटी हातात घेऊन गुंडाळायला कागद शोधत होता. धड्यावर शेजाऱ्याशी बोला म्हटलं की तर त्याची पंचाईतच. उत्तर फळ्यावरून उतरवून घ्यायचं असतं, एवढंच त्याला ठाऊक.

नाकारलं तर काय मिळतं? मूल दिवसभर आपल्याच वर्गात राहतं, कुठला तास बुडत नाही, ‘तू कुठे जातोस रे?’ असं कुणी विचारत नाही. वरच्या इयत्तेतल्या, पातळी ४च्या पुढे असलेल्या मुलासाठी हा विचार अगदीच चुकीचा नाही. पण त्याची दुसरी बाजू पालकांना बहुधा कुणी सांगत नाही. नकार दिला तरी इंग्रजी कितपत आलं हे तपासणारी दरवर्षीची ‘ॲक्सेस’ परीक्षा चुकत नाही. मूल ‘इंग्रजी शिकणाऱ्यां’च्या यादीतून बाहेर पडेपर्यंत ती द्यावीच लागते. म्हणजे शिकवणी जाते, परीक्षा राहते. शाळेची जबाबदारीही संपत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या लाउ खटल्यात १९७४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की न कळणाऱ्या भाषेत सगळ्यांना सारखंच पुस्तक आणि सारखाच वर्ग दिला म्हणजे समान शिक्षण झालं असं नाही.

घेतलं तर खरा प्रश्न वेगळाच आहे: ईएसएलच्या बाई मुलाला वर्गाबाहेर नेतात की स्वतः वर्गात येतात? बाहेर नेण्यात चार-पाच मुलांचा छोटा गट असतो, आणि वर्गात महिनाभर गप्प असलेलं पोर तिथे तोंड उघडतं. साताऱ्याच्या मराठी शाळेतून आलेल्या एकाला याचाच उपयोग झाला. ‘ट्वेंटी-फाइव्ह’ म्हटलं की तो ५२ लिहायचा. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतात ना! ऐकलेला पहिला आकडा तो एककाच्या घरात टाकायचा. नाण्यांचंही तसंच. इथला डाइम १० सेंटचा, पण ५ सेंटच्या निकेलपेक्षा आकाराने लहान. वजाबाकी बिनचूक करणाऱ्या पोराची नाण्यांची पानं चुकत होती. असं काही छोट्या गटात चटकन लक्षात येतं.

बाई वर्गात आल्या की काही बुडत नाही आणि शब्द चालू धड्यातलेच मिळतात. पण दोघी बाईंनी आधी बसून ठरवलं नसेल, तर ईएसएलच्या बाई कोपऱ्यात कुजबुजत बसतात, मूल धड ना इकडे ऐकत, धड ना तिकडे. निवड बहुतेक वेळा शाळेचीच असते. तरी माझं मत विचाराल तर नवख्याला पहिलं वर्ष बाहेरचा गट, इंग्लिश मीडियमवाल्याला वर्गातली मदत. दोन भाषांच्या शाळा इथे मुख्यतः स्पॅनिशच्या असतात. दोन-तीन वर्षांत परत जाणार असाल तर त्या वाटेला जाऊ नका.

घरी इंग्रजी बोलावं का? नको. जिम कमिन्स या अभ्यासकाने मांडलेला हिशोब शिक्षक अजून वापरतात: गप्पांची भाषा वर्ष-दोन वर्षांत येते, पुस्तकातली यायला पाच ते सात वर्षं. पोर डिसेंबरमध्ये फडाफडा बोलायला लागलं म्हणजे काम झालं असं नव्हे. तोवर अपूर्णांक घरी मराठीतच होऊ द्या. ज्याला पाव, अर्धा, पाऊण, सव्वा कळतं, त्याला थ्री-फोर्थ्सचं फक्त नाव शिकायचं असतं. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘फॉर्मवर घरची भाषा इंग्लिश लिहा’ असा सल्ला मिळतो, तो तर मुळीच ऐकू नका.

पातळी १-२ असेल तर विचार न करता होकार द्या. वरची असेल तरी आधी शाळेला एक ईमेल टाका: कोणत्या तासाला नेणार, रोज की आठवड्यातून दोनदा, गटात किती मुलं? विज्ञान किंवा मधली सुट्टी जात असेल तर वेळ बदलून मागा. बोलायला अवघड वाटत असेल तर दुभाषा मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. पोरालाच दुभाषा करू नका. आज नाही म्हणालात तरी पुढे कधीही ईएसएल मागता येतं, आणि सुरू झालेलं थांबवताही येतं.