डिंगी की मोठं शिडाचं जहाज?
मुलांचा कॉन्फिडन्स वाढावा म्हणून सेलिंगला पाठवायचं तर दोन रस्ते आहेत. ऑप्टिमिस्ट डिंगी म्हणजे मुलांची छोटी शिडाची होडी, जेमतेम २.३ मीटरची, त्यात पोरगं एकटंच, सुकाणू पण त्याचं नि शीड पण त्याचं, वारा फिरला की निर्णय लगेच, पण संध्याकाळी परत घरी. मोठ्या जहाजावर मात्र घर लांबच राहतं, मध्यरात्री वॉचला (पाळीच्या पहाऱ्याला) उठायचं, मळमळत असलं तरी दोर ओढायचे, अनोळखी पोरांसोबत स्वयंपाक, भांडी, डेक धुणं, आणि आपण ढिलाई केली की त्रास बाकीच्यांना होतो हे तिथे आपोआप कळतं (मला हेच जास्त मोलाचं वाटतं). १९५६ ला सुरू झालेल्या टॉल शिप्स रेसमध्ये, म्हणजे मोठ्या शिडाच्या जहाजांच्या शर्यतीत तर निम्मा क्रू १५ ते २५ वयाचाच लागतो. लहान असेल तर डिंगीच, सोळा-सतराच्या लाजऱ्या मुलामुलींना मात्र बिनधास्त जहाजावर पाठवा.