सोवाज घ्यावा की मायसेल्फ?

भाच्याला नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून त्याला एक चांगला परफ्यूम घ्यायचाय. "मामा, मित्र म्हणतात डोळे मिटून सोवाज घे. पण दुकानात मायसेल्फ लावून पाहिला, तोही आवडला. कुठला घेऊ?" दोन्ही महाग. एकदा बाटली घेतली की वर्षभर तोच वास अंगावर वागवायचा. म्हणून उत्तर द्यायच्या आधी मी आठवडाभर डाव्या मनगटावर सोवाज आणि उजव्या मनगटावर मायसेल्फ लावून हिंडलो. मे महिन्यातलं पुणं, मधे एक दिवस मुंबईची लोकल.

दिओर या फ्रेंच कंपनीचा सोवाज २०१५ साली आला. तो बनवला फ्रांस्वा दमाशी यांनी, आणि जाहिरातीतून घरोघरी पोचवला हॉलिवूडचा नट जॉनी डेपने. त्याची पुढे भावंडं आली, प्रत्येकात सुगंधी अर्क आधीच्यापेक्षा जास्त: २०१८ मध्ये ओ द पार्फम, २०१९ मध्ये पार्फम, २०२१ मध्ये एलिक्झिर. त्यामुळे कुणी "सोवाज घे" म्हणालं तर आधी विचारायचं, कुठला? बहुतेकांच्या डोक्यात पहिला, म्हणजे सगळ्यात कमी अर्काचा ओ द त्वालेत असतो. मायसेल्फ ईव्ह सँ लोराँचा, २०२३ सालचा. मायसेल्फ या इंग्रजी शब्दातला 'ई' गाळला की मधोमध वायएसएल ही कंपनीची आद्याक्षरं उरतात, तेच त्याचं नाव. तो तिघांनी मिळून बनवला: दानिएला आंद्रिए, क्रिस्तोफ रेनो आणि आंत्वान मेझोंदिए. तो ओ द पार्फम आहे, म्हणून मीही सोवाजचा ओ द पार्फमच समोर ठेवला. दोन पैलवान एकाच वजनाचे हवेत.

सुरुवात दोघांची सारखी वाटते, कारण दोन्हींत बर्गमॉट आहे, इटलीतल्या कॅलाब्रियाचं आंबट-कडवट लिंबू. पण मिनिटभरात वाटा फुटतात. सोवाजमध्ये सिचुआन मिरी येते. ही मिरी म्हणजे आपल्या तिरफळाच्या कुळातली. तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण ज्यांनी खाल्लंय, त्यांना ती जिभेवरची झिणझिण नाकात लगेच ओळखू येईल. ओ द त्वालेतमध्ये ती फार टोकदार लागते, ओ द पार्फममध्ये व्हॅनिला तिची धार बोथट करतो. एकूण वास मोठ्या आवाजात बोलणारा, दारातून आधी तो आत येतो आणि मग माणूस. हे मी दूषण म्हणून सांगत नाही. संध्याकाळी मोकळ्या हॉलमध्ये रिसेप्शन असेल तर असाच वास शोभतो.

मायसेल्फचा सगळा जीव फुलात आहे. ट्युनिशियातल्या नारिंगीच्या फुलाचा अर्क त्याच्या मध्यभागी आहे, आणि इथे मी थोडा रेंगाळणार, कारण आमचं गाव संत्र्याच्या बागांच्या वरूडकडचं. थंडीत संत्र्याच्या बागेला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. मग ताण मोडून पाणी सोडलं की काही दिवसांत आंबिया बहार फुटतो. त्या दिवसांत पहाटे बांधावरून चाललं तर वास अंगाला चिकटतो. गोडसर, पण आत हिरवा कडवटपणा, चुरगळलेल्या पानाचा. आपलं संत्रं वेगळं आणि परफ्यूमसाठी वापरतात ती कडू नारिंगी वेगळी, पण फुलांचं कूळ एकच. उजव्या मनगटावर साधारण वीस मिनिटांनी मला तोच बांध आठवला. बाटलीतला बहार अर्थात धुतलेला, इस्त्री केलेला आहे. बागेतला ओला मातकटपणा त्यात नाही, आणि काही नाकांना तो चांगल्या साबणासारखा वाटेल. भाच्याच्या आईला तसाच वाटला, आणि तिला तेच आवडलं.

पुरुषांच्या परफ्यूममध्ये फूल, याचं तिकडे फार अप्रूप. आपल्याकडे हे नवं नाही. लग्नात दारात उभं राहून पाहुण्यांच्या मनगटावर अत्तर लावलं जातं, तेव्हा गुलाब बायकांचा आणि हिना पुरुषांची असं कुणी वाटून देत नाही. माझे आजोबा मोगऱ्याचा फाया कानात घालून बाजाराला जात. तेव्हा "मित्र फुलाच्या वासाला हसतील का?" या भाच्याच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे: खुशाल लाव.

आता गंमत तळाशी आहे. दोन्हींचा पाया एकाच पदार्थावर उभा आहे. सोवाजमध्ये त्याला अँब्रॉक्सन म्हणतात, मायसेल्फमध्ये अँब्रोफिक्स. नावं दोन, रेणू तोच. मूळचा हा गंध अंबरचा, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणाऱ्या आणि समुद्रात वर्षानुवर्षं तरंगून मुरणाऱ्या पदार्थाचा. 'व्हेल माशाची उलटी' पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो, ती हीच. वन्यजीव कायद्याप्रमाणे भारतात तिचा व्यापार गुन्हा आहे. परफ्यूमवाल्यांना आता व्हेलची गरज उरलेली नाही. अँब्रॉक्सन परंपरेने क्लॅरी सेज नावाच्या झुडपापासून करत आले, आणि अँब्रोफिक्सची सुरुवात उसाच्या साखरेपासून होते, आंबवण्याच्या प्रक्रियेने. त्यामुळे सहाएक तासांनी माझी दोन्ही मनगटं एकमेकांच्या बरीच जवळ आली: कोरडा, खारट, लाकडासारखा उबदार वास. सोवाज तिथेही वरच्या पट्टीत, मायसेल्फच्या खाली इंडोनेशियातल्या पॅचौली नावाच्या सुगंधी पानाची थोडी मातीसारखी सावली.

या रेणूची एक खोड मात्र नीट समजून घ्यायला हवी. लावणाऱ्याचं नाक त्याला लवकर सरावतं, आणि काहींना तो मुळातच कमी जाणवतो. आपल्याला वाटतं वास उडाला, म्हणून आपण परत दोन फवारे मारतो, आणि शेजारच्याचं डोकं दुखायला लागतं. सोवाजच्या बाबतीत हे मी अनेकदा पाहिलंय. एसी मीटिंग रूममध्ये पाचसहा फवारे मारून आलेला एक जण पुरे होतो. भाच्याला मी सांगितलंय, सोवाज घेतलास तर दोन फवारे, छातीवर, शर्टाच्या आत. मायसेल्फला तीन-चार चालतील.

लोकलमध्ये फरक सगळ्यात स्पष्ट कळला. दादर ते ठाणे, दुपारची दमट गर्दी, हात वर दांडीला. घामात सोवाजची मिरी आणि गोडी एकत्र होऊन जड झाली, मलाच हात खाली घ्यावासा वाटला. मायसेल्फ विरळ झाला, पण बिघडला नाही. पुण्यातल्या कोरड्या संध्याकाळी उलट झालं. तिथे मायसेल्फ चारेक तासांनी कातडीला टेकून राहिला, आणि सोवाज रात्री जेवतानाही मनगटावर होता. पैशाला टिकाऊपणा हा हिशेब असेल तर सोवाजच जिंकतो.

आणखी एक. सोवाज इतका खपतो की नकलाही त्याच्याच भरपूर निघतात. फार स्वस्तात मिळत असेल तर हात लावू नये. आणि खपतो म्हणूनच ऑफिसात तुझ्यासारखा वास आणखी दोघांना येईल, याची तयारी ठेवायची. पुन्हा भरता येणारी बाटली मात्र दोन्हींत मिळते.

भाचा ऐरोलीला कामाला लागलाय, लोकलने जाणार, दिवसभर एसीत चार माणसांच्या टेबलावर बसणार. त्याला मी मायसेल्फ घ्यायला सांगितलाय. तोच पुण्यात बाइकवरून फिरणारा आणि संध्याकाळी कार्यक्रमांना जाणारा असता, तर सोवाजचा ओ द पार्फम म्हणालो असतो. पण पैसे भरण्याआधी दुकानात एकेका मनगटावर एकेक फवारा मारून घे, कागदाच्या पट्टीवर विसंबू नकोस, आणि तसाच घरी ये. रात्री आईला दोन्ही हात हुंगायला दे.