येझदीचं क्रँक बेअरिंग: सात महिने चालवल्यावर

बाबांची येझदी रोडकिंग मोटारसायकल सात महिन्यांपूर्वी पुन्हा रस्त्यावर आली. ती बनवणाऱ्या आयडियल जावाचा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला, त्यामुळे कुणी 'कंपनीचं ओरिजिनल' म्हणून क्रँकचं (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या इंजिनातल्या दांड्याचं) बेअरिंग पुढे केलं की मी आता डबी उघडून फक्त नंबर बघतो. बेअरिंग गाडीचं नसतं, नंबराचं असतं. तेच पाण्याच्या पंपातही बसतं.

ही अक्कल फुकट आली नाही. जुन्या बेअरिंगवरचा नंबर गंजाने खाल्ला होता. व्हर्निअर लावला: भोक 25, बाहेरून 62, रुंदी 17 मिलिमीटर. म्हणजे 6305. (शेवटच्या 05 ला पाचाने गुणा, भोक मिळतं.) ठाण्यात वागळे इस्टेटकडच्या एका दुकानातून जोडी आणली, मेस्त्रींनी इंजिनचं केसिंग तापवून बसवली. थंड झाल्यावर हाताने फिरवलं, तर क्रँक जड.

व्हर्निअरला माप कळतं, आतली ढील (गोळ्या आणि रिंगांमधली मोकळी जागा) कळत नाही. साध्या 6305 मध्ये ती 5 ते 20 मायक्रॉन असते, जास्त ढिलीच्या सी-3 मध्ये 13 ते 28. घट्ट बसवताना बाहेरची रिंग दाबली जाते, आतली ताणली जाते, आणि साध्या बेअरिंगची ढील तिथेच संपते. जुनी रिंग रॉकेलने पुसून भिंगाखाली धरली, तेव्हा नंबराच्या पुढे पुसटसं सी-3 दिसलं. "नंबर वाचलास, शेपूट कोण वाचणार?" मेस्त्री म्हणाले. पुलरने ओढून काढलेली जोडी परत बसवायची नसते, तेवढे पैसे गेले.

मग धिम्या लोकलने मुंबईत मशीद बंदर, नागदेवी स्ट्रीट. पहिल्या दुकानदाराने दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं टू-आरएस काढलं. "सीलवाला लो साहब, धूल नहीं जाएगा." पण टू-स्ट्रोकच्या क्रँकला वंगण मिळतं पेट्रोलमधल्या टू-टी ऑइलचं. सील लावलं तर ते आत शिरायला अडतं, आणि आतलं ग्रीस पेट्रोल हळूहळू धुऊन नेतं. पुढच्या दुकानात हवं ते मिळालं: एनबीसी कंपनीचं, खुलं, सी-3, पत्र्याच्या केजचं (गोळ्या जागेवर धरणारा पिंजरा). रिंगवरचा नंबर खोक्याशी ताडून घेतला. जोडी हजाराच्या आत.

आता 2,100 किलोमीटर झाले. घोडबंदरला गायमुखचा चढ दोघं बसूनही घरघर न करता चढते. ताशी पन्नासच्या आसपास बारीक गुणगुण आहे, ती पहिल्या दिवसापासून आहे आणि वाढलेली नाही.

मधे एकदा मागून पांढरा धूर सुटला आणि माझा जीव खालीवर. निघालं क्लचच्या बाजूचं ऑइल सील. ते मीच 'जुना स्टॉक' म्हणून हौसेने घेतलेलं. रबर पडून पडून कडक झालं होतं आणि इंजिन तिथून क्लचकडचं ऑइल ओढत होतं. सील बदलताना मेस्त्रींनी क्रँकचं टोक धरून वरखाली हलवून पाहिलं. काही बोलले नाहीत, झाकण लावायला घेतलं.