डोरीतल्या फळ्या: ठोकलेल्या की उचलायच्या?

डोरी, म्हणजे वल्ह्यांनी चालवायची छोटी लाकडी मासेमारी बोट, घ्यायची किंवा बांधायची हे एकदा ठरलं, की पुढचा प्रश्न आतल्या बसायच्या फळ्यांचा. त्या कायमच्या ठोकून घ्यायच्या, की कडेच्या पट्टीवर नुसत्या टेकवायच्या आणि हव्या तेव्हा उचलायच्या? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर मी दोन्ही प्रकार वापरलेत. त्यातली एक डोरी विकली.

मुळात फळ्या उचलायच्याच असत. मॅसॅच्युसेट्समधलं ग्लॉस्टर आणि कॅनडातलं लुनेनबर्ग या बंदरांतले स्कूनर (मोठी शिडाची जहाजं) न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रात कॉड मासे धरायला निघत, तेव्हा डेकवर डोऱ्या भातुकलीतल्या पातेल्यांसारख्या एकात एक बसवत; फळ्या काढल्याशिवाय ते जमलंच नसतं. आपल्याकडे एकच डोरी, तीही ट्रेलरवर. मग ही सोय कशाला, असं ठोकलेल्या फळीवाले विचारतात, आणि ते काही चूक नाही. ठोकलेल्या फळीने दोन्ही बाजू ताठ राहतात. खाली फोम बसवला तर बोट पाण्याने भरली तरी बुडत नाही. लहान मुलांना घेऊन जाणार असाल, तर हा मुद्दा हलक्यात घेऊ नका.

माझं मत फिरलं ते बरगड्यांच्या (बोटीच्या आतल्या आडव्या-उभ्या आधाराच्या लाकडांच्या) बुडाशी असलेल्या भोकांमुळे. डोरीच्या तळाला किंचित बाक असतो, म्हणून आत आलेलं पाणी या भोकांमधून मध्यभागी येतं. तिथून ते उपसायचं. पण आमिषाचे तुकडे, खवले, शेवाळ हे सगळं नेमकं त्या भोकांत अडकतं. आणि मध्यभागी, बरोबर वर, वल्हवायची फळी. ती ठोकलेली असली की गुडघे टेकून, गाल फळीला लावून, हात खाली घालायचा आणि बोटांनी चाचपत घाण काढायची. मॅकरल मिळालं (आपल्या बांगड्याचाच भाऊबंद) तर त्या रक्तापाण्याचा वास दुसऱ्या दिवशी गॅरेजभर. पावसाचं पाणी तुंबलं तर आणखी वाईट, कारण खाऱ्यापेक्षा गोड्या पाण्याने लाकूड लवकर कुजतं. उचलायची फळी असेल तर ती बाजूला ठेवायची, ब्रश फिरवायचा, पाइपने पाणी मारायचं, संपलं.

उचलायच्या फळ्या कुरकुरतात, हे खरं. डोरी बरेच दिवस कोरडी राहिली की खाचा सैल पडतात आणि जोरात वल्हं ओढताना फळी जराशी हलते. मी खाचेत चामड्याची पट्टी घातली, तेवढ्याने माझं भागलं. कुणाला तेवढंही खपणार नाही, ते मी समजू शकतो.

वल्ह्यांसाठी लाकडी खुंट्या की धातूचे रोलॉक (वल्हं अडकवायचे आकडे), यात मला फार फरक वाटला नाही. खुंटी मोडली तर नवी तासता येते; रोलॉक मात्र दोरीने बांधून ठेवा, हातातून सुटला की थेट तळाला. बरगड्या कॅनडातल्याच शेलबर्नच्या डोऱ्यांसारख्या धातूच्या क्लिपने जोडायच्या की लुनेनबर्गसारख्या झाडाच्या नैसर्गिक वाकातून काढायच्या, हे बांधणाऱ्याकडे कुठलं लाकूड आहे त्यावर सोडा. आणि हो, ग्रँड बँक्सवरच्या या जुन्या घडणीच्या डोरीची, म्हणजे बँक्स डोरीची, लांबी तळावर मोजतात. पंधरा फुटी म्हणवणारी डोरी वरच्या काठावर अठरा फुटांच्याही पुढे जाते, तेव्हा गॅरेज आधी मोजा.

सुरक्षेसाठी ठोकलेली फळी हवीच असेल, तर मागची ठोका आणि फोम तिच्याखाली घाला. मधली तेवढी मोकळी ठेवायला सांगा.